आठव्या ओळीतली एक नंबरची

मी एक खुर्ची आहे. नाट्यगृहातली, लाल कापडाची, बसलं की खाली येणारी आणि उठलं की आपोआप मिटणारी. आयुष्याची चोवीस वर्षं मी एकाच जागी काढली. आठवी ओळ, एक नंबर, मधल्या वाटेच्या अगदी कडेला. आता मी तिथं नाही. मला तिथून उखडून काढलं. ते कसं झालं ते सांगते, कारण त्यात रडण्यासारखं फारसं काही नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. माझ्यासारख्या पाचशे बारा बहिणी एकाच आठवड्यात तयार झाल्या. लोखंडी पाय, लाकडी हात, आत काथ्या, वरून कापड. ट्रकमधून इथं आलो, ओळीनं उभ्या राहिलो, आणि प्रत्येकीला चार-चार बोल्ट मारून जमिनीला जखडून टाकलं. तेव्हा वाटलं, झालं, आता जन्म इथंच.

कडेच्या खुर्चीला माणसं जरा निराळी मिळतात. लांब टांगांची माणसं मला मागून घेत. खोकला झालेली घेत. बायकोनं ओढून आणलेले आणि मध्यंतरात सटकायचा बेत असलेले नवरे तर हमखास माझ्याकडंच यायचे. त्यातले निम्मे नंतर सटकायचे विसरून जायचे, हा भाग वेगळा. नाटक विनोदी असलं की लोक माझ्या हातावर थापा मारत. दुःखी असलं की माझ्याच हातावर टेकून गुपचूप डोळे पुसत. चघळलेलं च्युइंगगम माझ्या बुडाला चिकटवणारे सुद्धा होऊन गेले. त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

शिवणबाईंची आणि माझी ओळख झाली ती एका भोकामुळे. कोणाच्या तरी मागच्या खिशातल्या किल्लीनं माझं कापड टरकन फाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बारीक चणीच्या बाई गळ्यात मापाची टेप अडकवून आल्या, गुडघे टेकून माझ्यासमोर बसल्या आणि वाकड्या सुईनं मला शिवायला लागल्या. थिएटरच्या वरच्या मजल्यावर कपडेपट होता. नाटकातले सगळे कपडे तिथं शिवले जायचे, आणि ते शिवायच्या त्या. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल. बाकी सगळे त्यांना शिवणबाईच म्हणत.

त्या शिवत असताना आमची डोअरकीपर बाजूला उभी होती. तिला सगळे बॅटरीताई म्हणायचे, कारण अंधारात बॅटरी दाखवून लोकांना जागेवर बसवायचं काम तिचं. ती म्हणाली, "बाई, इतकी वर्षं इथं आहात. तुम्हाला कधी या खुर्च्यांवर बसून नाटक बघताना पाहिलं नाही."

"मी विंगेतून बघते की," शिवणबाई म्हणाल्या. विंग म्हणजे रंगमंचाची बाजू, पडद्याआडची जागा, जिथं नट आपली वेळ येईपर्यंत उभे असतात. "हातात सुईदोरा घेऊन उभी राहते. कोणाचं बटण तुटलं, कोणाची शिवण उसवली, तर लगेच लागतं. त्यामुळं माझी सगळी नाटकं कडेनं बघून झाली. राणीचा एक गाल आणि राजाचा एक कान."

"एकदा समोरून बघा."

"बघेन. हात रिकामे झाले की बघेन."

हात रिकामे झालेच नाहीत. आधी पाय गेले.

त्यांच्या मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण कमरेखाली ताकद आली नाही ती नाहीच. घरी व्हीलचेअर आली. त्या वेळी थिएटरमध्ये एक नवं नाटक बसत होतं. एका म्हाताऱ्या राणीची गोष्ट. दुसऱ्या अंकात ती सगळं सोडून राजवाड्याबाहेर पडते, तेव्हा तिच्या अंगावर एक पायघोळ झगा हवा होता. शिवणबाईंनी त्याचं कापड आजारपणाआधीच बेतून ठेवलं होतं. दिग्दर्शकाला लाल हवा होता. त्या म्हणाल्या होत्या, "दिव्याखाली लाल ओरडेल. हिरवा घ्या, काळपट हिरवा. तो गप्प राहील आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडंच जाईल." ऑपरेशननंतर पायानं चालवायच्या मशीनला त्यांनी हातानं चालू-बंद करता येईल अशी मोटर बसवून घेतली आणि झगा घरीच पुरा केला. लेक रोज संध्याकाळी कामावरून आली की नऊ मीटर कापडाची दुसरी बाजू धरून उभी राहायची.

झगा थिएटरला पोचला. शिवणबाई घरी राहिल्या. नाटकाचे सगळे मिळून बाराच प्रयोग होते, कारण राणीचं काम करणारी नटी पुढं हेच नाटक घेऊन दौऱ्यावर जाणार होती. शिवणबाई लेकीला म्हणाल्या, "हा झगा मला समोरून बघायचाय. दोन तिकिटं काढ. फुकट पास नको. तिकिटं काढ."

लेकीनं फोन करून विचारलं, आई व्हीलचेअरवर आहे, चालेल ना. पलीकडून उत्तर आलं, "या ना, आमची माणसं आहेत उचलायला." तिला एक नंबर मिळाला, म्हणजे मी. आणि माझ्या शेजारची दोन नंबरची.

पुढचं मी थोडं पाहिलं, आणि थोडं बॅटरीताईनं झाडणाऱ्या बाईला माझ्या हातावर कोपर टेकून सांगितलं, तेव्हा ऐकलं.

आमच्या थिएटरला समोर सात पायऱ्या आहेत. व्हीलचेअर खाली येऊन थांबली तसे दोन शिपाई आणि रांगेतले दोन उत्साही गृहस्थ धावून आले. शिवणबाई म्हणाल्या, "थांबा. आधी मला विचारा, कुठं धरायचं ते सांगते." पण उपकार करण्याच्या घाईत माणसाला ऐकू कमी येतं. चौघांनी चार बाजूंनी खुर्ची उचलली. एक बाजू वर गेली, एक खाली राहिली, पांघरलेली शाल घसरली, आणि एका गृहस्थानं त्यांचा पायच धरला. वर पोचल्यावर एकानं हात झटकत लेकीला विचारलं, "आजींना नाटक कळतं ना?"

"आजींनाच विचारा," शिवणबाई म्हणाल्या. तो हसला आणि निघून गेला. विचारलं नाहीच.

आत मॅनेजरसाहेब आले. माणूस वाईट नाही. पण नियम त्यांच्या अंगात हाडांसारखे आहेत. म्हणाले, "वाटेत चाकाची खुर्ची ठेवता येणार नाही. आग लागली तर लोक बाहेर कसे पडणार? मागं दाराजवळ ठेवा." हेही लेकीलाच.

मागं दाराजवळ एक जाडजूड खांब आहे. शिवणबाईंना त्या खांबामागं ठेवलं. लेक माझ्यावर येऊन बसली. दोन नंबरची जागा मोकळी. दर मिनिटाला ती मान वळवून मागं बघायची. तिच्या मानेचा ताण मला पाठीत जाणवत होता. पंधरा मिनिटांनी ती उठली आणि आईजवळ जाऊन उभी राहिली. त्या प्रयोगाला आम्ही दोघी बहिणी रिकाम्या होतो आणि तिकीट घेतलेली दोन माणसं मागं होती, एक खांबाआड, एक उभी. चोवीस वर्षांत मला कधी माझी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

मध्यंतर झालं. शिवणबाईंनी सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं, कारण बाहेर पडायचं म्हटलं की त्या पाणी बंद करत. तरी जावं लागलं. बायकांच्या टॉयलेटला दोन पायऱ्या, आणि दार अरुंद. तिथली मदतनीस लेकीला म्हणाली, "त्यांना जायचंय का?"

"त्यांना म्हणजे मला," शिवणबाई म्हणाल्या. "आणि हो, मला जायचंय."

खुर्ची दारात अडकली. मागं रांग वाढत गेली. कोणी काही वाईट बोललं नाही. सगळ्या जणी फक्त बघत होत्या. शिवणबाई लेकीला म्हणाल्या, "चल, घरी जाऊ."

झगा दुसऱ्या अंकात होता.

खाली उतरवताना मात्र बॅटरीताई आडवी झाली. तिनं शिपायांना थांबवलं, शिवणबाईंच्या समोर वाकून विचारलं, "कुठं धरू?" त्यांनी सांगितलं तसं धरलं. खाली पोचल्यावर ती म्हणाली, "बाई, आमचं चुकलं. काय करायला हवं होतं ते सांगा."

"आत्ता नको. आत्ता बोलले तर रडेन, आणि मला इथं पायरीवर रडायचं नाही. सोमवारी तुमची सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी मला बोलाव. आणि सुतारांना थांबवून ठेव."

त्या रात्री बॅटरीताईनं आमची साफसफाई झाल्यावर एकटीनं मधल्या वाटेची रुंदी पावलांनी मोजली. तीनदा मोजली. पावलांवर तिचा भरवसा बसेना.

सोमवार उजाडला. शिवणबाई आल्या त्या गळ्यात टेप घालून. मांडीवर वही, कानामागं खडू. समोर सुतारकाका, आमचे सगळे सेट बांधणारे. बॅटरीताई आणि कंटाळलेले मॅनेजरसाहेब. आणि लेक, जिला त्या दिवशी एकच काम होतं, गप्प राहायचं. तसं आईनं बजावलं होतं.

मग त्या बाईंनी आमच्या थिएटरचं माप घेतलं. एखाद्या नटाचं घ्यावं तसं, वरून खाली. खाली हात पोचेल तिथं स्वतः, पोचणार नाही तिथं टेपचं दुसरं टोक बॅटरीताईच्या हातात.

"टॉयलेटचं दार चोवीस इंच. माझी खुर्ची पंचवीस. मुंढ्यात आवळतंय," त्या म्हणाल्या. "इथं काय उसवता येईल?"

सुतारकाकांनी चौकट ठोकून पाहिली. "हे नाही उसवणार बाई, आत लोखंड आहे. पण साहेबांच्या ऑफिसला लागून एक टॉयलेट आहे. पायरी नाही. दार मोठं आहे, फक्त आत उघडतं. ते फिरवून बाहेर उघडणारं करतो. किल्ली बॅटरीताईकडं."

मॅनेजरसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते टॉयलेट त्यांचं एकट्याचं होतं. दोन मिनिटं ते छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आरसा जरा खाली बसवा. मला वाकावं लागलं तरी चालेल."

मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा शिवणबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं.

मग पायऱ्या. "सहा-सहा इंचाच्या सात. बेचाळीस इंच उंची," त्या म्हणाल्या. "इंचाला फूट धरायचा. बेचाळीस फूट लांब उतार पाहिजे."

"बेचाळीस?" सुतारकाका म्हणाले. "दहा फुटांत बसवतो की."

"दहा फुटांत मी वर चढणार नाही, आणि खाली घसरगुंडीवरून येईन. तुमच्या राणीला मी कधी घोट्यापर्यंतचा झगा देऊन पायघोळ म्हटलंय का?"

मॅनेजरसाहेबांना एकदम सुचलं. "अहो, एवढं कशाला? मागं सामानाचं दार आहे ना. सेट तिथूनच आत येतात. एकही पायरी नाही. तिथून आणू यांना."

त्यांना ते फार बरं सुचलं होतं, आणि खरं तर सोपंही होतं. शिवणबाईंनी टेप मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "साहेब, अठ्ठावीस वर्षं मी मागच्याच दारानं आले. त्याबद्दल तक्रार नाही, ते माझ्या कामाचं दार होतं. पण आता मी तिकीट काढून येणार आहे. तिकीटवाल्यांचं दार पुढं आहे."

 आणि त्यांनी टेप गुंडाळायला घेतली.

"मग वळण द्यावं लागेल," सुतारकाका म्हणाले. "भिंतीला धरून एकवीस फूट जायचं, कोपऱ्यात सपाट जागा दम घ्यायला, आणि तिथून परत एकवीस. कठडा लावतो. जुन्या सेटच्या फळ्या पडल्यात, चांगल्या जाड आहेत."

"पण समितीची परवानगी?" मॅनेजरसाहेबांची हाडं जागी झाली. "इमारतीत बदल करायचा तर समितीपुढं जावं लागतं. बैठक पुढच्या महिन्यात. तोवर नाटक संपलेलं असेल."

सुतारकाका डोकं खाजवत म्हणाले, "साहेब, इमारतीत बदल कोण करतंय? मी सेट बांधतोय. सेटला परवानगी लागत नाही. हा सेट जरा पायऱ्यांवर आहे, एवढंच."

 मॅनेजरसाहेबांनी खिशातून पेन काढलं. "कागदावर 'तात्पुरतं नेपथ्य' असं लिहा," ते म्हणाले. "आणि मजबूत बांधा."

शेवटी सगळे माझ्यापाशी आले. शिवणबाईंनी माझी रुंदी घेतली, मधल्या वाटेची घेतली, आणि म्हणाल्या, "वाटेत खुर्ची नको, हे साहेबांचं बरोबर आहे. म्हणून मी वाटेत बसणार नाही. ही एक नंबरची काढा, तिच्या जागी मी बसते. शेजारी लेक. वाट आहे तेवढीच मोकळी."

"ओळीत भोक दिसेल," मॅनेजरसाहेब पुटपुटले.

"मी बसले की भरेल."

खरं सांगते, मला वाईट वाटलं. मी काही संत नाही. सुतारकाकांनी पाना लावला तेव्हा चारातले दोन बोल्ट गंजलेले निघाले आणि करकर करत सुटेनात, तेव्हा मला आतून बरं वाटत होतं. शेवटी ते सुटले. आयुष्यात पहिल्यांदा मी हलले. शिवणबाईंनी माझ्या बसण्यावरून हात फिरवला. आपलाच जुना टाका त्यांच्या बोटाला लागला आणि त्या म्हणाल्या, "हिला अडगळीत टाकू नका. पायांखाली फळी ठोका आणि आत दाराजवळ ठेवा. ज्यांना रांगेत उभं राहवत नाही त्यांना टेकायला होईल."

म्हणून मी आता दाराशी आहे. खांबाच्या पुढं, मागं नव्हे. ते बॅटरीताईनं पाहिलं.

उताराला अकरा दिवस लागले. सुतारकाका दुपारी जेवण झालं की लागायचे. फळ्यांवर अजून जुन्या नाटकांचे रंग होते. एका ठिकाणी निळं आभाळ, एका ठिकाणी तुरुंगाची भिंत. रंग खरवडायला वेळ नव्हता. बॅटरीताईनं शिपायांना समोर बसवून तीन गोष्टी पाठ करायला लावल्या. आधी विचारायचं. बोलायचं ते त्याच माणसाशी बोलायचं. आणि हात लावायचा तो सांगितल्यावर. एक शिपाई म्हणाला, "एवढं काय, साधंच तर आहे." ती म्हणाली, "मग त्या दिवशी का नाही जमलं?"  पण पुढं सगळ्यात चांगलं त्यालाच जमलं.

शेवटचा प्रयोग. बारावा.

शिवणबाई आल्या, उताराच्या तोंडाशी थांबल्या, चाकांवर हात ठेवले. एक गृहस्थ मागून ढकलायला धावले. "नको," त्या म्हणाल्या, "लागलं तर सांगते." एकवीस फूट चढून कोपऱ्यात थांबल्या. श्वास घेतला. रांगेतले लोक बघत होते. पण त्या थांबल्या होत्या निळ्या आभाळाच्या फळीवर, आणि खाली वाकून लेकीला सांगत होत्या की हा रंग कुठल्या नाटकातला. मग उरलेले एकवीस.

दारात बॅटरीताईनं तिकीट त्यांच्या हातातून घेतलं, फाडलं, अर्धं परत दिलं आणि इतर सगळ्यांना म्हणायची तसंच म्हणाली, "आठवी ओळ, एक नंबर."

बस, एवढंच. पण मी दाराशीच होते. ते अर्धं तिकीट त्यांनी मुठीत किती घट्ट धरलं ते मी पाहिलं.

मध्यंतरात त्या मॅनेजरसाहेबांच्या टॉयलेटला जाऊन आल्या आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर पूर्ण ग्लास पाणी प्यायल्या. मग चहा. आणि मग अजून एक ग्लास पाणी. लेक हसायला लागली. "आई, बास." त्या म्हणाल्या, "आज मला कोणी अडवू नका."

दुसरा अंक. दिवे मंद झाले आणि राणी आली. मी इतकी वर्षं नाटकं बघितली, पण असा कपडा पाहिला नाही. तो झगा हिरवा आहे हे पहिल्यांदा कळतच नाही. राणी अंधारातून पुढं येते तसा त्याचा रंग हळूहळू उजेडात येतो, जसं पहाटे झाड दिसायला लागतं. पाचशे माणसं एकदम गप्प झाली. 

दाराजवळून मला शिवणबाईंची पाठ दिसत होती. त्यांनी टेपची दोन्ही टोकं हातात घट्ट धरली होती. टेप त्यांनी त्या दिवशीही काढली नव्हती. बराच वेळ त्या हलल्याच नाहीत. ज्या गोष्टीला त्यांनी मांडीवर घेऊन महिनाभर सांभाळलं होतं, ती आता त्यांच्यापासून आठ ओळी लांब चालत होती, आणि पाचशे लोकांपैकी एकालाही माहीत नव्हतं की ती कोणाची. मग त्यांचे खांदे हलायला लागले. लेकीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं त्या लेकीच्या कानाशी वाकल्या. काय म्हणाल्या ते नंतर लेकीनंच बॅटरीताईला सांगितलं. म्हणाल्या, "डाव्या बाजूला अर्धा इंच लोंबतोय."

पडदा पडला. लोक उठले. टाळ्या, गर्दी, खुर्च्या मिटल्याचे धडाधड आवाज. गर्दीतून उलटी वाट काढत ती नटी तशीच झग्यात खाली आली, आठव्या ओळीपर्यंत. शिवणबाईंच्या समोर बसणार, तोच त्या म्हणाल्या, "बसू नकोस. फिर."

"मावशी?"

"फिर म्हणते ना. तिकडं तोंड कर."

राणी मुकाट्यानं फिरली. शिवणबाईंनी आपल्या चोळीच्या कडेची टाचणी काढली, वाकल्या आणि डाव्या बाजूचा काठ उचलून टोचला. लोक थांबून बघत होते, आणि वाटेनं जाताना राणीच्या झग्यावर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं जात होते.

"आज शेवटचा प्रयोग झाला, मावशी," नटी म्हणाली. "आता कशाला?"

"इथला शेवटचा झाला. झगा तू दौऱ्यावर नेणार आहेस ना? मग उद्या सकाळी घरी आणून दे. मला विंगेतून कधी दिसलंच नव्हतं. आता दिसलंय तर असा सोडणार नाही." आणि दुसरी टाचणी काढत म्हणाल्या, "उभी राहा नीट. पोक काढू नकोस."

मॅनेजरसाहेब दाराशी, माझ्याशेजारी उभे होते. त्यांना घाई होती, हॉल रिकामा करायचा होता, नियम होता. ते उभेच राहिले. मग माझ्या हातावर टेकले. त्यांनी मला असा आधार पूर्वी कधी मागितला नव्हता.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. ते 'तात्पुरतं नेपथ्य' अजून उभं आहे. समितीनं नंतर येऊन त्यावरून दोनदा चालून पाहिलं आणि कायम केलं. गंमत म्हणजे त्या उतारावरून आता सगळेच येतात. बाबागाडीवाल्या आया येतात. गुडघे दुखणारे सासरे येतात, आणि वर आल्यावर आपण मुद्दाम आलो नाही असं दाखवतात. कॅन्टीनवाला बर्फाची पेटी त्याच्यावरूनच सरकवत आणतो.

चुका झाल्या नाहीत असं नाही. एकदा व्हीलचेअरवरचे नवरा-बायको दोघं एकत्र आले. जागा एकच. त्यांना वेगवेगळं बसावं लागलं. बॅटरीताई दिवसभर कोणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दोन नंबरची निघाली. ती आता इथं माझ्याजवळ असते. आम्ही चोवीस वर्षं शेजारी होतो, पण गप्पा मारायला आत्ताच वेळ मिळाला.

एक अंध गृहस्थ दर महिन्याला येतात, टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. ते माझ्यावर बसून घंटेची वाट बघतात. शिवणबाईंनी त्यांच्यासाठी प्रत्येक नाटकाच्या कापडांचे तुकडे एका पिशवीत ठेवायला सुरुवात केलीय. ते बोटांनी चाचपतात आणि म्हणतात, "हा खलनायकाचा कोट असणार. फार गुळगुळीत आहे." बहुतेक वेळा बरोबर निघतं.

शिवणबाई स्वतः आता कपडेपटात परत आल्यात. कपडेपटच वरच्या मजल्यावरून खाली आला. त्यासाठी कोणी फार वाद घातला नाही.

परवाच एक गोष्ट घडली. शेजारच्या शहरातल्या एका नाट्यगृहाच्या मॅनेजरांशी त्या फोनवर बोलत होत्या, इथंच, दाराशी. तिथंही उतार करा म्हणून सांगत होत्या. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. ते गृहस्थ अगदी नम्र होते. म्हणाले, "बाई, आम्हाला काहीच हरकत नाही. पण आमच्याकडं असं कोणी येतच नाही हो."

शिवणबाईंनी विचारलं, "तुमच्याकडं पायऱ्या किती आहेत?"

 पलीकडून आवाज आला, "बाहेर जाऊन मोजून सांगतो."

त्या फोन धरून थांबल्या. मीही थांबले.

वाचणाऱ्यांनो, माझं मागणं तेवढंच आहे. तुमच्या ओळखीच्या कुठल्याही हॉलबद्दल कोणी म्हणालं की इथं असं कोणी येत नाही, तर वाद घालू नका. बाहेर जाऊन पायऱ्या मोजून या.

पलीकडं फोनवर पावलांचा आवाज आला. ते गृहस्थ धापा टाकत परत आले होते.

"अकरा," ते म्हणाले. आणि विचारलं, "बाई, तुम्ही माप घ्यायला कधी येता?"